खाऱ्या पाण्याच्या टाकीतले विष : प्रवाळ हाताळताना घ्यायची काळजी

आपल्या वस्त्यांमधली काही मुलं फिश टँकच्या दुकानात कामाला असतात. कोणी टेम्पोतून टाक्या पोचवतो, कोणी महिन्यातून दोनदा बंगल्यात, ऑफिसात, हॉटेलात जाऊन टाकी धुऊन येतो. आपल्या बाया ज्या घरी धुणीभांडी आणि केरफरशी करतात, त्यांतल्या काही घरांच्या हॉलमध्येही मोठी काचेची टाकी असते. "ताई, जाताजाता एवढी टाकीपण घासून घ्या" असं सहज सांगितलं जातं. शेठ हौसेने टाकी बघतो, पण तिच्यात हात घालतो आपला माणूस. म्हणून त्या टाकीत काय आहे हे आपल्याला माहीत पाहिजे. या वेळच्या आरोग्य पानात आम्ही तेच सांगणार आहोत.

कोणत्या टाकीत धोका, कोणत्या टाकीत नाही

आधी भीती कमी करू या. आपल्या घरी पोरांच्या हट्टापायी आणलेली छोटी टाकी असते. तिच्यात गोल्डफिश, गप्पी, मोली असे मासे असतात. ही गोड्या पाण्याची टाकी. आज आपण ज्या विषाबद्दल बोलतोय, ते विष या टाकीत नसतं.

दुसरी असते खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्या पाण्यात समुद्राचं मीठ मिसळलेलं असतं. वर निळे-पांढरे झगमगीत दिवे, आत मोठमोठे खडबडीत दगड, आणि त्या दगडांवर फुलांसारखं, मखमली गालिच्यासारखं काहीतरी उगवलेलं दिसतं. हे झाड नाही, शेवाळ नाही. हे प्रवाळ आहेत, म्हणजे जिवंत प्राणी. अंगठीत घालतात ते पोवळं म्हणजे अशाच एका प्रवाळाचा सांगाडा.

सगळे प्रवाळ विषारी नसतात. काहींना हात लागला तर लगेच आग होते, चट्टे उठतात. तो त्रास लगेच कळतो म्हणून माणूस सावध होतो. आपला विषय वेगळा आहे. दुकानातली पोरं ज्यांना 'झोआ', 'पॅली' किंवा 'बटन' म्हणतात, त्या झोअँथिड जातीच्या प्रवाळांबद्दल आपण बोलतोय. शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या दाटीवाटीने बसलेल्या असतात. प्रत्येक चकतीच्या कडेला बारीक झालर असते. रंग हिरवा, केशरी, जांभळा, नाहीतर साधा मातकट. हात लावला की चकती मिटते. यातले मातकट, जाड देठाचे प्रवाळ बरेचदा कोणी विकत घेतलेले नसतात. दगडाबरोबर आपोआप टाकीत येतात आणि पसरतात. मग मालक म्हणतो, "हे नको असलेलं तेवढं खरवडून काढ." धोका तिथेच सुरू होतो.

या कुळातल्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. कोणत्या प्रवाळात आहे आणि कोणत्यात नाही, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. अमेरिकेत दुकानांतून आणि घरांतून असे प्रवाळ घेऊन प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा काहींत भरपूर विष निघालं आणि काहींत अजिबात नाही. म्हणून आमचं सांगणं साधं आहे : बटणासारखा दिसणारा प्रत्येक प्रवाळ विषारी आहे असं धरूनच काम करा.

हे विष काय करतं

हे विष माणसाला फार आधीपासून माहीत आहे. हवाई बेटांतल्या माउई बेटावर हाना नावाचं गाव आहे. तिथले मूळ रहिवासी एका खडकाळ डबक्यातलं 'विषारी शेवाळ' भाल्याच्या टोकाला लावत, म्हणजे भाला लागलेला माणूस वाचत नसे. संशोधकांनी शोध घेतला, तेव्हा ते शेवाळ नसून प्रवाळ निघालं. १९७१ साली मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी त्यातलं विष वेगळं काढल्याचं जाहीर केलं. समुद्रातल्या सगळ्यात जहाल विषांमध्ये आज त्याची गणना होते.

शरीरात ते काय करतं, हे आपल्या पावसाळ्याच्या अनुभवावरून समजून घेऊ. खोलीत पाणी शिरलं की आपण पंप लावून ते बाहेर उपसतो. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला असाच एक बारीक पंप असतो. तो सोडियम बाहेर फेकतो आणि पोटॅशियम आत घेतो. या पंपावर स्नायू चालतात, नसा चालतात, हृदयाचे ठोके पडतात. पॅलिटॉक्सिन नेमकं या पंपाला चिकटतं आणि त्याचं दार उघडंच ठेवतं. मग सोडियम आत घुसतं, पोटॅशियम बाहेर वाहून जातं. स्नायू दुखतात, अंगातली ताकद जाते, ओठ-जीभ बधिर होतात. विष जास्त गेलं तर स्नायू तुटायला लागतात, लघवी चहाच्या रंगाची होते, किडनीवर ताण येतो आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. या विषावर उतारा नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात आणि शरीर सावरेपर्यंत त्याला आधार देतात.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हे विष उकळून मरत नाही. आपल्याला वाटतं, गरम पाणी ओतलं की जंतू मेले, विष गेलं. इथे उलट होतं. वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर ते हवेत येतं आणि श्वासातून छातीत जातं.

कुठे काय घडलं

अमेरिकेत अलास्का राज्यात अँकरेज शहर आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या एका घरी टाकीत नवीन प्रवाळ सोडला. ७ ते ८ तासांनी घरातल्या माणसाला तोंडात कडवट, धातूसारखी चव जाणवू लागली. मग ताप, अशक्तपणा, खोकला, अंगदुखी. आरोग्य खात्याने चौकशी केली, तेव्हा २०१२ ते २०१४ या काळात तिथल्या घरांबरोबर ॲक्वेरियमच्या दुकानांतही असा त्रास झालेली माणसं सापडली.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या स्टीव्हन्टन गावी २०१८ साली एका गृहस्थाने टाकीतला प्रवाळाचा दगड बाहेर काढून साफ केला. घरातली सगळी माणसं आजारी पडली. मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही दवाखान्यात न्यावं लागलं. एकूण १० जण. दगड घासला एकाने, त्रास झाला सगळ्या घराला.

अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्यात एकाने नको असलेले झोअँथिड मारायला त्यांवर उकळतं पाणी ओतलं. वाफ नाकात गेली आणि थोड्याच वेळात खोकल्याची उबळ सुरू झाली. जर्मनीत एका माणसाच्या बोटांना बारीक जखमा होत्या. त्याच हातांनी त्याने प्रवाळ हाताळले आणि विष जखमेवाटे अंगात गेलं.

या सगळ्यांत एक समान गोष्ट बघा. कोणी प्रवाळ खाल्ला नव्हता. टाकीशेजारी बसून, मासे बघून कोणी आजारी पडलं नाही. घासणं, खरवडणं, उकळणं, कापणं, उघड्या हाताने उचलणं यातूनच हे घडलं. म्हणजे धोका टाकीपेक्षा कामाच्या पद्धतीत आहे, आणि कामाची पद्धत बदलता येते.

काम करताना हे करू नका

१. उकळतं किंवा गरम पाणी ओतू नका. दगड गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये किंवा वाफेच्या मशीनने साफ करू नका.

२. दगड टाकीबाहेर काढून ताठ ब्रशने खसाखसा घासू नका. त्याचे बारीक तुषार उडतात. प्रेशरचा पाइप मारू नका.

३. दगड उन्हात वाळवून मग खरवडू नका. वाळलेल्या प्रवाळातही विष राहतं आणि त्याची धूळ उडते.

४. टाकीतलं पाणी काढायला पाइपला तोंड लावून ओढू नका. ही सवय आपल्या पोरांना फार आहे. पाइप आधी पाण्याने भरून, टोक अंगठ्याने दाबून खाली सोडा, नाहीतर हातपंप वापरा.

५. बोटाला चीर असेल, नखाजवळचं कातडं निघालं असेल, तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका. धुणंभांडी करून हात भेगाळलेल्या बायांनी हा नियम सगळ्यात आधी पाळायचा.

६. काम करताना तंबाखू, गुटखा, बिडी, चहा काही नाही. डोळे चोळू नका, घाम हाताने पुसू नका.

७. ॲसिड टाकून दगड साफ करू नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र तर कधीच नको. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. संडासाची फरशी धुताना कोणाकोणाचा श्वास कोंडतो, तो याच वायूने.

काम करताना हे करा

खिडक्या उघडा, एसी आणि पंखा बंद ठेवा. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि कुत्री-मांजरं दुसऱ्या खोलीत पाठवा. टाकीचे पंप बंद करा, म्हणजे पाणी उसळणार नाही.

हातात नायट्राइलचे हातमोजे घाला आणि त्यावर कोपरापर्यंतचे रबरी. घालण्याआधी आत फुंकर मारून भोक नाही ना बघा. डोळ्यांवर चारी बाजूंनी बंद असलेला चष्मा लावा. हे प्रवाळ दाबले किंवा कापले की त्यांतून पिचकारी उडते आणि ती सरळ डोळ्यात जाते. नंबरचा साधा चष्मा त्याला पुरत नाही. तोंडावर एन-९५ मास्क घ्या. ओढणी, रुमाल, कापडी मास्क यांनी बारीक तुषार अडत नाहीत. पण मास्क घातला म्हणून घासायला मोकळे झालो असंही नाही. तुषार उडूच न देणं हे पहिलं, मास्क दुसरा.

प्रवाळ काढायचाच असेल तर जागच्या जागी, पाण्याखाली काढा. दगड हलवायचा असेल तर टाकीचंच पाणी टबमध्ये घेऊन त्यात बुडवून न्या. तो ओला राहिला पाहिजे. शक्य असेल तिथे प्रवाळाला हात लावू नका, त्याखालचा दगडाचा तुकडा छिन्नीने अलगद सुटा करा. विजेची कटर चालवू नका.

काढलेला प्रवाळ, वापरलेलं फडकं, हातमोजे, सगळं ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवा. ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच १ भाग आणि साधं गार पाणी १० भाग, असं त्याच वेळी ताजं बनवायचं. किमान ३० मिनिटं बुडवून ठेवायचं. बाटलीवर टक्केवारी लिहिलेली असते, ती वाचून घ्या. अवजारं आणि टब त्याच पाण्याने पुसा. मग कचरा दुहेरी पिशवीत गाठ मारून टाका, म्हणजे तो उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या हाताला लागणार नाही. तोही आपलाच माणूस आहे.

टाकीची बादली, ब्रश, पाइप वेगळे ठेवा आणि त्यांवर खूण करा. ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. काम झाल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, कपडे बदला. अंगावरच्या ओल्या कपड्यांनी घरी येऊन लेकराला कडेवर घेऊ नका.

भंगारात आलेली टाकी

एक गोष्ट आपल्या वस्तीसाठी खास सांगायची आहे. हौस संपली की टाकी निघते. मग "घेऊन जा, पोरांना होईल" म्हणून कामवालीला देतात, नाहीतर ती भंगारात जाते. टाकीबरोबर दगडही येतात. दिसायला सुंदर असतात म्हणून पोरं खेळायला घेतात, कोणी कुंडीत ठेवतं. खाऱ्या पाण्याच्या टाकीतले दगड घरात घेऊ नका. आलेच असतील तर हातमोजे घालून वर सांगितलेल्या ब्लीचच्या पाण्यात बुडवा, घासत बसू नका.

तसंच समुद्रावरचं. मुंबईत हाजी अली, वांद्रे, जुहूच्या खडकांवर ओहोटीला झोअँथिड दिसतात. बघायला जरूर जा, मुलांना दाखवा, पण त्यांना उपटायला, बोटाने फोडायला देऊ नका. आणि दगडासारख्या कठीण प्रवाळांना तर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. ते काढणं, विकणं गुन्हा आहे. कोणी "काढून आण, पैसे देतो" म्हणालं तर पकडला जाईल तो आणणारा.

त्रास झाला तर

लक्षणं काही मिनिटांत दिसू शकतात, तशीच ७-८ तासांनीही. म्हणजे काम दुपारी झालं आणि त्रास रात्री घरी सुरू झाला, असं होऊ शकतं. अचानक थंडी वाजून ताप, तोंडात कडवट धातूसारखी चव, ओठांभोवती मुंग्या, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखं, दम लागणं, स्नायू दुखणं, हातापायांत जोर नसणं. डोळ्यात गेलं असेल तर डोळा लाल, भयंकर दुखणं, उजेड सहन न होणं, अंधूक दिसणं.

लगेच हे करा. त्या खोलीतून सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत या. कपडे काढून बाजूला ठेवा, अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटं डोळा उघडा धरून धुवा. मग डोळ्याच्या डॉक्टरकडेच जा. या विषाने बुबुळावर जखम होऊन नजर जाऊ शकते, म्हणून मेडिकलमधून ड्रॉप आणून भागवू नका. जखमेवर हळद, चुना, पेस्ट काही लावू नका. दम लागत असेल, छातीत दुखत असेल, अशक्तपणा वाढत असेल, तर १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात जा.

दवाखान्यात गेल्यावर मोठी अडचण येते ती ओळखण्याची. पावसाळ्यात थंडी-ताप-अंगदुखीचे पेशंट रांगेने बसलेले असतात. नर्स म्हणून वॉर्डात आम्ही ती गर्दी पाहिलेली आहे. तिथे आपण फक्त "ताप आलाय" म्हणालो, तर मलेरिया, डेंग्यू, व्हायरल यांचाच विचार होणार. त्यात डॉक्टरांचा दोष नाही, आपण सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कसं? म्हणून हे वाक्य कागदावर लिहून खिशात ठेवा :

"मी खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमधले झोअँथिड प्रवाळ हाताळले. आज इतक्या वाजता. पॅलिटॉक्सिनची शंका आहे. ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, सीपीके आणि क्रिएटिनिन बघावं."

सीपीके ही स्नायू तुटताहेत का ते दाखवणारी रक्ताची तपासणी आहे आणि क्रिएटिनिन किडनीची. बरोबर कोण कोण त्या खोलीत होतं तेही सांगा. एकाच घरातले, एकाच दुकानातले दोघे-तिघे एकदम आजारी पडले, तर हीच मोठी खूण असते. मोबाइलवर प्रवाळाचा फोटो असेल तर दाखवा.

जाताजाता आणखी एक. टाकी साफ करणाऱ्याच्या बोटावर गाठ किंवा फोड आला आणि काही आठवडे झाले तरी तो बरा होत नसेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. टाकीच्या पाण्यातल्या एका जिवाणूने तो होतो, गोड्या पाण्याच्या टाकीतूनही होतो. साध्या मलमाने तो जात नाही, त्याला बरेच दिवस औषध घ्यावं लागतं. त्वचेच्या डॉक्टरला "मी फिश टँकचं काम करतो" एवढं आवर्जून सांगा. हातमोजे या आजारापासूनही वाचवतात.

मालकाला काय विचारायचं

टाकीला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारा. पाणी खारं की गोडं? दगडांवर झोआ-पॅली आहेत का? हातमोजे, चष्मा, मास्क कुठे आहेत? हे प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही. ज्या कामात विष आहे, त्या कामाची माहिती आणि साधनं देणं ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. हजारो रुपयांचे दिवे टाकीला लावणाऱ्याला हातमोज्यांचा खर्च जड नाही. आणि जी बाई केरफरशीसाठी ठेवली आहे, तिने ही टाकी साफ करायची नाही. "हे माझं काम नाही ताई, यात विषारी प्रवाळ असतात, माहितगार माणूस बोलवा," असं शांतपणे सांगायचं. बहुतेक वेळा मालकालाही हे ठाऊक नसतं. सांगितलं तर त्याचंही घर वाचतं.

आपल्या शेजारचा कोणी या कामात असेल तर हे पान त्याला वाचून दाखवा. दुकानात दोन-तीन पोरं मिळून काम करत असतील, तर वरचं वाक्य भिंतीवर चिकटवा आणि ब्लीचचं प्रमाण बादलीवर लिहा : १ भाग ब्लीच, १० भाग पाणी, ३० मिनिटं.